घोरावाडीला लोकल किती वाजता?

घोरावाडी स्थानकावर एक्स्प्रेस थांबत नाही. डेक्कन क्वीन, सिंहगड, इंद्रायणी, डेक्कन एक्स्प्रेस साऱ्या इथून धडधडत निघून जातात. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना देहूरोड आणि बेगडेवाडीनंतर, तळेगावच्या अगदी अलीकडे, घोराडेश्वराच्या डोंगराच्या परिसरात हे छोटे स्थानक आहे. दोन रूळ, दोन फलाट, आणि थांबणारी गाडी एकच : पुणे–लोणावळा लोकल. तळेगावचा एक भाग, सोमाटण्याच्या बाजूची वस्ती, तळेगावच्या महाविद्यालयांत येणारी मुले, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार अशा सगळ्यांचे वेळापत्रक या एका गाडीवर बेतलेले. लोकल रद्द झाली की चिंचवडच्या प्रवाशाला बस आहे, रिक्षा आहे, पुढे मेट्रोही आहे. लोणावळ्याच्या प्रवाशाला एखादी एक्स्प्रेस मिळू शकते. घोरावाडीच्या पासधारकाने मात्र महामार्ग गाठायचा आणि जे मिळेल त्यात चढायचे. म्हणूनच या मार्गाच्या विस्ताराबद्दल जे काही बोलले जाते आहे, ते घोरावाडीच्या फलाटावर उभे राहून तपासायला हवे. पुणे जंक्शनवरून पाहिले तर कोणताही प्रकल्प चांगलाच दिसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे–लोणावळा मार्गावरच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला मान्यता दिली. खर्च सुमारे ५,१०० कोटी रुपये. निम्मा रेल्वेचा, निम्मा राज्याच्या बाजूचा. राज्याच्या बाजूच्या २,५५० कोटींत पुणे महापालिका ५१०, पिंपरी-चिंचवड महापालिका ५१०, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए ७६५ आणि राज्य सरकार स्वतः ७६५ कोटी देणार, अशी वाटणी ठरली. हे काम व्हायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रूळ वाढले की लोकल आपोआप वाढतील, हा जो समज सगळीकडे गृहीत धरला जातो आहे, तो मला धोक्याचा वाटतो. नव्या रुळांवर कोण धावणार, कोणाच्या थांब्याला फलाट मिळणार आणि काम चालू असताना कोणाचे हाल होणार, या तीन गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावरच लेखी ठरल्या नाहीत, तर पुढची अनेक वर्षे ब्लॉकचा त्रास घोरावाडीने सोसायचा आणि फायदा लांबच्या गाड्यांनी न्यायचा, असे सहज होऊ शकते.

या भीतीचे कारण मार्गाच्या इतिहासातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने खंडाळा–पुणे हा टप्पा जून १८५८ मध्ये सुरू केला. बोरघाट फोडून मुंबईशी सलग जोड मिळायला १८६३ उजाडले. मधल्या काळात प्रवाशांना घाट पालखीतून किंवा पायी उतरावा लागे. पुढे कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. घाट, वीज, वेगवान गाड्या या प्रत्येक सुधारणेमागे मुंबई आणि पुणे या दोन टोकांचा विचार होता. मधल्या मावळाचा विचार करणारी विजेची लोकल आली ती १९७८ मध्ये, म्हणजे मार्ग सुरू झाल्यानंतर १२० वर्षांनी, आणि तीही नवे रूळ न टाकता, एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधे जी फट सापडली तिच्यात बसवून. आजही ती तशीच बसलेली आहे. गंमत अशी की कर्जत–लोणावळा या अवघड घाटात तीन मार्गिका आहेत आणि घाट चढून सपाटीवर आल्यावर पुण्यापर्यंत दोनच. घाटाने वर आणलेली वाहतूक लोणावळ्यापासून अरुंद वाटेत शिरते.

दोन रूळ कमी का पडतात, हे नुसत्या गाड्यांच्या संख्येवरून कळत नाही. गाड्यांच्या वेगातला फरक पाहावा लागतो. पुणे ते लोणावळा हे सुमारे ६४ किलोमीटरचे अंतर डेक्कन क्वीन पन्नासएक मिनिटांत कापते. लोकलला प्रत्येक स्थानकावर थांबत जायला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. म्हणजे पुण्याहून एक लोकल सुटली आणि तिच्यामागून अर्ध्या तासाच्या आत एखादी जलद गाडी सुटली, तर ती लोणावळ्याच्या आधी कुठेतरी लोकलच्या शेपटाला येऊन टेकणार. मग दोनच मार्ग उरतात. जलद गाडीला लोकलच्या मागे रखडवायचे, किंवा लोकलला तळेगावसारख्या जादा मार्गिका असलेल्या स्थानकात बाजूला घेऊन जलद गाडीला पुढे काढायचे. घोरावाडी, बेगडेवाडी असल्या थांब्यांवर बाजूला घ्यायला जागाच नाही. सगळ्या गाड्या सारख्या वेगाने धावल्या तर याच दोन रुळांवर कितीतरी जास्त गाड्या बसतील. संथ आणि वेगवान गाड्या मिसळल्या की प्रत्येक लोकल वेळापत्रकातली अनेक गाड्यांची जागा खाते. त्यामुळे रेल्वेच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने नवी लोकल म्हणजे एक्स्प्रेसच्या वाटेतला अडथळा. त्याची यात चूक नाही. दिवसाला चाळीसच्या आसपास लोकल फेऱ्यांवर हा मार्ग वर्षानुवर्षे अडून राहिला, त्यामागचे मुख्य कारण हेच आहे. तिसरी-चौथी मार्गिका पाहिजे ती या दोन वेगांना वेगळे करण्यासाठी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. स्वयंचलित सिग्नल बसवले, डबे वाढवले की भागेल. त्यासाठी हजारो कोटी कशाला? स्वयंचलित सिग्नलचा उपयोग मोठा आहे. जुन्या पद्धतीत एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंतच्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते; स्वयंचलित पद्धतीत त्याच टप्प्याचे तुकडे पडतात आणि एका गाडीमागे ठरावीक अंतर ठेवून दुसरी सोडता येते. या मार्गावर चिंचवड–खडकीसारख्या पट्ट्यांत हे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले गेले आहे आणि ते लोणावळ्यापर्यंत व्हायलाच हवे. पण सिग्नलने मागची गाडी पुढच्या गाडीच्या जवळ आणता येते, तिला ओलांडून पुढे जाऊ देता येत नाही. वेगाचा प्रश्न तिथेच राहतो. आणि जास्त डब्यांनी गर्दी थोडी विभागली गेली, तरी पुढची गाडी दोन तासांनी असेल तर ती दोन तासांनीच येणार. घोरावाडीच्या माणसाला आज सर्वांत जास्त छळते ती गाड्यांच्या वेळांतली दरी.

ही दरी दुपारची आहे. सकाळची गर्दी ओसरली की दुपारी उशिरापर्यंत या मार्गावर लोकल अगदी तुरळक. कारण सांगितले जाते ते देखभालीचे, आणि ते खरे आहे. खडी दाबून रूळ समतल करणारी यंत्रे चालवायची, रुळांना आतून तडे गेलेत का हे तपासायचे, ओव्हरहेड वायर ताणून घ्यायची, सांधे बदलायचे, तर काही तास रूळ मोकळा हवाच. दिवसरात्र भरलेल्या दुपदरी मार्गावर हा वेळ कुठून काढणार? लांबच्या गाड्यांची वेळ दूरवरच्या राज्यांतल्या वेळापत्रकांशी बांधलेली, मालगाडीमागे उत्पन्न. उरते लोकल. म्हणून देखभालीचा ब्लॉक लोकलच्या वेळेतून काढला जातो. सकाळच्या वर्गाला गेलेली मुलगी अकराला मोकळी झाली तरी तिला घरी जायची गाडी नाही. पहिल्या पाळीचा कामगार आणि तळेगावच्या रुग्णालयातून परतणारा म्हातारा यांचीही तीच गत. मेगाब्लॉक हा शब्द मुंबईत रविवारचा आहे. घोरावाडीला तो रोजचा आहे, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नाही. काम सुरू झाल्यावर लोकांना त्रास होईल, असे सांगून प्रकल्पाबद्दल कचरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आजची दोन रुळांची व्यवस्था हाच एक कायमचा त्रास आहे आणि त्याला शेवटची तारीख नाही. बांधकामाच्या त्रासाला निदान ती असू शकते.

चार मार्गिका झाल्या की हा दुपारचा ब्लॉक कसा सुटतो, ते मुंबईकर दर रविवारी पाहतात. मध्य रेल्वेवर माटुंगा–मुलुंड दरम्यान धीम्या मार्गावर ब्लॉक असला की धीम्या लोकल जलद मार्गावर वळवल्या जातात. फेऱ्या कमी होतात, उशीर होतो, पण रेल्वे बंद पडत नाही. मावळातही एका जोडीवर काम चालू असताना दुसऱ्या जोडीवरून दुपारी लोकल सोडता येईल. मात्र त्याच मुंबईच्या अनुभवात घोरावाडीसाठी एक कडक इशारा आहे. गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर या स्थानकांवर लोकल थांबणार नाहीत, अशी सूचना वर्षानुवर्षे निघत आली, कारण तिथे जलद मार्गाला फलाट नाही. पुणे–लोणावळ्याच्या नव्या जोडीला खर्च वाचवण्यासाठी लहान थांब्यांवर फलाट दिले नाहीत, तर दुपारी लोकल धावेल आणि घोरावाडीच्या समोरून न थांबता निघून जाईल. वेळापत्रकात पोकळी भरलेली दिसेल. फलाटावर ती तशीच राहील. म्हणून चारही मार्गिकांना फलाट, निदान वापरता येईल असा, प्रत्येक लोकल थांब्यावर असणे ही या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सहज विसरली जाणारी बाब आहे.

वेगळ्या मार्गिकांचा फायदा खरोखर होतो, याला पुरावा ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा. सुमारे ९ किलोमीटरचे हे काम २००८ मध्ये मंजूर झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. शेवटच्या टप्प्यात ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. लांबच्या गाड्यांना स्वतंत्र वाट मिळताच मध्य रेल्वेने उपनगरी मार्गावर ३६ नव्या फेऱ्या जाहीर केल्या. एवढ्याशा तुकड्याने एवढा फरक पडतो, कारण गाठ सुटली की तिच्या दोन्ही बाजूंची दोरी सैल होते. पण हेच उदाहरण पुढेही वाचायला हवे. त्या ३६ पैकी बहुतेक फेऱ्या वातानुकूलित लोकलच्या होत्या, ज्यांचे भाडे साध्या पासधारकाला परवडत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी आणखी दहा वातानुकूलित फेऱ्या आणल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरला प्रवासी रुळांपर्यंत आले आणि रेल्वेला त्या मागे घ्याव्या लागल्या. मार्गिका बांधल्यामुळे जागा निर्माण होते. ती कोणाला द्यायची हा निर्णय नंतर, वेगळ्या खोलीत घेतला जातो. मावळच्या प्रवाशाने त्या खोलीत आधीच शिरायला हवे. उपनगरी रेल्वेचे किमान भाडे ५ रुपये आहे आणि या मार्गावर दूध, फुले, भाजी घेऊन जाणारी माणसेही प्रवास करतात. नव्या फेऱ्यांतला ठरावीक हिस्सा साध्या लोकलचा राहील, हे लिहून घेतले पाहिजे.

त्रासाचे काय? काम चालू असताना काय होईल, याचा अंदाज बांधायला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पश्चिम रेल्वेवर खार–गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी ऑक्टोबर २०२३ पासून २९ दिवसांचा ब्लॉक घेतला गेला. अडीच हजारांहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या, लोकांचे अतोनात हाल झाले, पण दिवस आधी जाहीर केले होते आणि रोज किती गाड्या रद्द होणार ते सांगितले जात होते. चेन्नईत याच्या उलट घडले. तिथल्या बीच–एग्मोर दरम्यान जेमतेम चार किलोमीटरच्या चौथ्या मार्गिकेसाठी बीच ते चिंताद्रिपेट ही उन्नत रेल्वे ऑगस्ट २०२३ मध्ये सात महिन्यांसाठी बंद केली. ती परत सुरू झाली ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, चौदा महिन्यांनी. पहिल्या उदाहरणात त्रास तीव्र पण मोजलेला होता. दुसऱ्यात त्याला तळच नव्हता. नोकरदार माणूस महिनाभर पहाटे लवकर निघू शकतो, विद्यार्थी एक सत्र कसेबसे काढतो. परंतु मुदत पुढे सरकत गेली की माणसे दुचाकी घेतात, घर बदलतात, शिक्षण सोडतात, आणि ती पुन्हा रेल्वेकडे येत नाहीत.

मावळात ब्लॉकचा भार मुंबईपेक्षा जड पडेल, कारण पर्यायी व्यवस्था जवळपास नाही. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याचा फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक झाला, तेव्हा शक्य असेल त्यांनी घरून काम करावे, असे आवाहन केले गेले. घोरावाडीहून रोज जाणाऱ्या बहुतेकांचे काम घरून होण्यासारखे नाही. त्यामुळे ब्लॉकच्या दिवसांत पीएमपी आणि एसटीच्या जादा बस, त्याही लोकलच्या पासावर, हा कंत्राटाचा भाग असायला हवा. खर्च प्रकल्पाच्या रकमेतून. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये रेल्वे फाटके हटवण्यासाठी मार्ग बंद केले की बदली बस चालवल्या जातात आणि ते कामाचाच भाग मानले जाते. याशिवाय मावळाचा पाऊस आहे. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत रूळ इंद्रायणीच्या खोऱ्यातून, मळवली-कामशेतच्या भाताच्या खाचरांना लागून जातात. भरावाची रुंदी वाढली आणि खालच्या मोऱ्या जुन्याच राहिल्या, तर पाणी शेतात तुंबणार. रेल्वेच्या बांधकामात मोरी हा किरकोळ विषय समजला जातो. शेतकऱ्यासाठी ती वर्षाच्या पिकाची गोष्ट असते.

काही जण विचारतात, मेट्रो येते आहे, द्रुतगती मार्ग आहे, मग लोकलवर एवढा खर्च कशाला? मेट्रोची पिंपरी–निगडी वाढ सुमारे ४.४ किलोमीटरची असून तिचा मंजूर खर्च ९१० कोटींच्या घरात आहे, म्हणजे किलोमीटरमागे दोनशे कोटींच्या वर. पुणे–लोणावळ्याच्या दोन जादा मार्गिकांचा हिशेब किलोमीटरमागे ८० कोटींच्या आसपास येतो. शहरातला उन्नत मार्ग आणि जमिनीवरचे रूळ यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. पण मेट्रो निगडीला थांबणार आणि घोरावाडी देहूरोडच्याही पलीकडे. द्रुतगती मार्ग मावळातून जातो, मावळासाठी जात नाही. त्यावर दुचाकी चालत नाही आणि वाटेत कोणी बसची वाट पाहत उभे राहत नाही. तळेगावहून उरुळीकडे नवा लोहमार्ग काढून पुण्याला वळसा घालण्याचा प्रस्तावही आहे. तो झाला तर मालगाड्यांचा भार हलका होईल आणि ते चांगलेच. पण मुंबई–पुण्याच्या प्रवासी गाड्या याच रुळांवर राहणार.

सर्वांत कठीण आक्षेप जमिनीचा आहे आणि तो पैशांनी सुटणारा नाही. हा मार्ग खडकी आणि देहूरोड या दोन छावण्यांतून जातो. तिथे संरक्षण खात्याची संमती लागेल आणि तिला वेळ लागतो, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. मावळात जमीन देणारा असेल शेतकरी, आणि त्याच्या आठवणीत ९ ऑगस्ट २०११ आहे. पवना धरणाचे पाणी बंद वाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक ठार झाले. आपल्या जमिनीतून जाणारी वस्तू आपल्याला काही देत नाही, हा धडा मावळाने असा शिकलेला आहे. तिसरी-चौथी मार्गिका त्याच रांगेतली आणखी एक वाहिनी ठरते की मावळाचीही रेल्वे ठरते, हे वेळापत्रकावर अवलंबून राहील. मोबदला वाढवून हा अविश्वास जात नसतो. गावातल्या मुलाला दुपारी परत यायला गाडी मिळेल, हे जमीन मोजायला येणाऱ्या अधिकाऱ्याला कागद दाखवून सांगता आले पाहिजे.

थांबण्याचीही किंमत असते. १५ जून २०२५ रोजी याच परिसरातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसे गेली. नव्या पुलासाठी पैसा मंजूर होऊनही तो उभा राहिलेला नव्हता. मंजुरी आणि काम यांच्यातले अंतर मावळात अशा रीतीने मोजले गेले आहे. म्हणून वाट पाहू, अजून अभ्यास करू, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

या प्रकल्पात पैसा देणाऱ्या दोन महापालिका आपापल्या शहराचा लाभ मागतील आणि तो त्यांचा हक्क आहे. तळेगाव दाभाडे, वडगाव, लोणावळा इथल्या नगरसंस्थांचे त्या वाटणीत नाव नाही, त्यामुळे त्यांचा आवाज टेबलावर पोहोचण्याचा एकच रस्ता उरतो : पीएमआरडीए. प्राधिकरणाच्या क्षेत्रात मावळ येतो आणि ७६५ कोटींचा हिस्सा दोन्ही महापालिकांपेक्षा मोठा आहे. हा हिस्सा विनाअट दिला जाऊ नये. पहिला हप्ता देण्यापूर्वी घोरावाडी, बेगडेवाडी, कान्हे, मळवली या थांब्यांचे नकाशे मागवावेत, नव्या जोडीला तिथे फलाट आणि पादचारी पूल आहेत का ते पाहावे, गर्दीच्या आणि दुपारच्या वेळी किमान किती फेऱ्या तिथे थांबतील याचे वचन करारात घालावे, आणि ब्लॉकचे दिवस व बदली बसची सोय त्याच करारात नोंदवावी. नकाशावर फलाट काढायला आज एक रेघ पुरते. रूळ टाकून झाल्यावर तोच फलाट मागायचा म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा निधी आणि पुन्हा ब्लॉक.